पांघरूण

वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालं आहे. तोरण्याच्या पायथ्याची ही आजी मात्र अजून वेल्हंच म्हणते. भोर-वेल्ह्यात पाऊस असा कोसळतो की खाचरात उभं राहवत नाही. पण ते पाणी पानशेत, वरसगाव, भाटघर भरून खाली पुण्याला आणि नीरेच्या कालव्यांना जातं. भात कापून झालं की इथल्या माणसाच्या वाट्याला उरते जमिनीतली ओल. त्या ओलीवर आजी दर साल हरभरा टाकते.

पुण्यातली नोकरी सुटलेला नातू त्या पौषात गावीच होता. तोरणा १४०३ मीटर उंच, पश्चिमेला उभा. सूर्य त्याच्याआड लवकर जातो आणि दिवेलागणीलाच दात वाजू लागतात. सकाळी बांध, पेंढा, सगळं दंवाने ओलंचिंब. नातवाला कीव आली ती उघड्यावरच्या हरभऱ्याची.

"आजी, गारठून मरेल हा. ओढ्याचं पाणी सोडतो, जोम तरी धरेल."

"त्याला पानी नगं अन् तुझी दया बी नगं. जीव ऱ्हात नसंल तर खालच्या खाचरात सोड. वरच्याला हात लावू नगंस."

फुलोऱ्याआधी एखादं हलकं पाणी हरभऱ्याला मानवतं, हे खरं. याने मात्र चिखल होईस्तोवर पाजलं, तेही दोनदा. खालचं खाचर हिरवंगार होऊन गुडघ्याला लागलं. वरचं खुरटं ते खुरटंच, आणि त्यातही आजी शेंडे खुडून भाजीला न्यायची. रात्री रोपांवर धडपं अंथरायची, पहाटे दंवासकट उतरलेली आंब पिळून बाटलीत भरायची. वाडीत कुणाचं पोट दुखलं की तीच द्यायची. नातवाला हा निव्वळ छळ वाटे.

अशातच शेळी व्याली. तीन करडं. कडाका वाढला त्या रात्री आजीने अंगावरची घोंगडी काढून करडांवर टाकली आणि आपण गोणपाट घेऊन चुलीपाशी बसली.

"हरभऱ्याला उघडं टाकतेस आणि करडांना घोंगडी?"

"करडाला मूळ हाय का? हरबरा ओल हुडकत खाली जातो, थंडीतच त्याला फूल धरतं. करडू कुठं जाईल?"

"मग मला काय?"

आजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुला दोन येळची भाकर. घोंगडी मागू नगंस."

माघ सरता सरता खालचं खाचर नुसतं माजलं होतं. पाला उदंड, घाटे मोजके. सखल कोपऱ्यात मर लागून रोपं वाळलेली. वर मात्र खुडलेल्या शेंड्यांखालून फुटवे निघून घाट्यांनी लगडले होते. नातवाने खुरप्याने दोन्हीकडचं एकेक रोप खणून काढलं. खालच्याचं मूळ बोटभर आणि कुजकं, वरच्याचं वीतभर खणूनही संपेना. तो बराच वेळ बांधावर बसून राहिला. घरी येऊन आजीला एवढंच म्हणाला, "सोमवारी पुण्याला जाऊन काम बघतो."

"जा. भाकर बांधून देते," आजी म्हणाली.

त्या वर्षी खालच्या खाचरातून दोन पायल्या हरभरा निघाला, वरच्यातून सात. करडं तिन्ही जगली.