दार उघडं ठेवल्यावर

आजचं वाचन: गीता, अध्याय १८, श्लोक ६७ ते ६९



अठरावा अध्याय संपत आला की माझं वाचन जरा वेगात होतं. शेवटाची घाई, दुसरं काय. पण काल ६७व्या श्लोकापाशी थांबलो. सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला बजावतात की हे वाटेल त्याला सांगू नकोस. ज्याच्याकडे तप नाही, भक्ती नाही, ऐकायची इच्छाच नाही, जो माझी निंदा करतो, त्याला तर नाहीच. आणि लगेच पुढे, जो हे माझ्या भक्तांना सांगेल तो मला सर्वांत प्रिय, असंही म्हणतात.

खरं सांगतो, हा ६७वा श्लोक मला कधी आवडला नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझं पोट ज्यावर चालतं त्यातलं बरंचसं कुणीतरी फुकट देऊन टाकलेलं आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. वापरा, बदला, वाटा, पैसे नकोत. त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठाची गोफर नावाची यंत्रणा चांगली लोकप्रिय होती. त्यांनी काही वापरकर्त्यांकडून शुल्क घ्यायचं जाहीर केलं आणि लोक बिचकले. वेब पुढे निघून गेलं त्याला इतरही कारणं होती, पण हे एक होतंच. मग भगवंतांनी दाराला कडी का लावावी?

आपल्याकडे माऊलींनी ती कडी काढलीच की. १२९० मध्ये नेवाशाला गीता मराठीत आली, संस्कृत न येणाऱ्यांच्या कानापर्यंत पोचली. हे मी मित्रांना नेहमी अभिमानाने सांगतो. पुढची गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं हाताने नकला होत राहिल्या. त्यात चुका शिरल्या, पाठभेद झाले. १५८४ मध्ये एकनाथ महाराजांनी तो पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. ज्या नाथांनी स्वतः भागवत मराठीत आणलं, त्यांनीच. वाचायला, ऐकायला, गायला कुणालाच मनाई नाही. फक्त आपलं त्यात घालून माऊलींच्या नावावर खपवू नका.

हे आता मला टोचतं, कारण मी नेमकं तेच केलंय.

एका आषाढीला सकाळी घाईत एका अभंगाचा मला उमगलेला अर्थ एका वाक्यात लिहिला. वाक्य माझं होतं. खाली ‘तुकाराम महाराज’ एवढंच लिहिलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. फसवायचा हेतू नव्हता, आळस होता. सात-आठ महिन्यांनी तेच वाक्य भलत्याच ग्रुपवरून माझ्याकडे परत आलं. मागे विठोबाचं चित्र, खाली महाराजांचं नाव. तरीही मी गप्प बसलो. म्हटलं, चांगलाच विचार आहे, कुणाचं काय बिघडतंय?

मग दिवाळीत आत्याकडे गेलो. ती रोज एक अभंग वहीत उतरवते, ते तिचं व्रत आहे. वही चाळताना माझं वाक्य दिसलं, तिच्या वळणदार अक्षरात, खऱ्या अभंगांच्या मधोमध.

त्या दिवशीही बोललो नाही. काल ६७वा श्लोक पुन्हा वाचला तेव्हा वाटलं, इतकी वर्षं मी याच्याकडे ऐकणाऱ्याच्या बाजूनेच बघत होतो, कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही. पण हे सांगितलंय अर्जुनाला, म्हणजे ज्याच्या तोंडून ते पुढे जाणार त्याला. इंटरनेटवर ऐकणाऱ्याची पारख करायला दारात कुणीच उभं नसतं, आणि नसावंही असं मला अजून वाटतं. मग थांबायचं ते मीच, पाठवायच्या आधी. नाव घालताना गाथा उघडायला दोन मिनिटं लागली असती.

रात्री आत्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तरीच म्हटलं, पुढची ओळ कशी सापडत नाही. गाथेत दोनदा शोधलं रे मी.”

सकाळी तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वाक्य तसंच ठेवलंय, महाराजांचं नाव पेनाने खोडलंय, शेजारी माझं लिहिलंय. घरच्या ग्रुपवर मीही खुलासा टाकला. त्या चित्रासकट ते जिथे जिथे गेलं, तिथे कसं पोचायचं हे मला अजून कळलेलं नाही.