आजचं चिंतन : भर युद्धात सोडलेले घोडे



आजचं वाचन द्रोणपर्वातलं, युद्धाच्या चौदाव्या दिवसाचं. आदल्या दिवशी अभिमन्यू गेलाय. सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. आपल्या भाषेत डेडलाइन, तीही पुढे ढकलता न येणारी. या दिवसातला सूर्य झाकला जातो तो भाग आपल्या सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आधीचा एक प्रसंग मात्र बहुतेकांच्या लक्षात नसतो. माझ्याही नव्हता.

दिवस कलायला लागलाय, जयद्रथ अजून लांब आहे. रथाचे घोडे बाणांनी जखमी झालेत, दमलेत. अर्जुन म्हणतो, घोडे सोडूया. कृष्ण म्हणतो, माझंही तेच मत आहे. शत्रूसैन्याच्या मधोमध रथ थांबतो! अर्जुन खाली उतरून जमिनीवरून लढत राहतो, बाण मारून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. त्या आडोशात कृष्ण घोड्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना चोळतो, न्हाऊ घालतो, पाणी पाजतो, चारा देतो. ते ताजेतवाने झाल्यावरच पुन्हा जुंपतो.

दोन वर्षांपूर्वी मी हे वाचून सरळ पुढच्या अध्यायावर गेलो असतो.

माझा इंजिनिअरिंगचा रूममेट दीड वर्षापूर्वी बाइकवरून पडला. मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखाली हालचाल फार थोडी, आणि पायांना स्पर्श जवळजवळ कळत नाही. त्याचे आईवडील थकलेले, माझं घर दहा मिनिटांवर. म्हणून आठवड्यातून तीन सकाळी त्याला फिजिओथेरपीला नेणं माझ्याकडे आलं.

सुरुवातीला मी काय केलं असेल? श्लोक ऐकवला. गीता वाचण्याआधी आपण जे ध्यानाचे श्लोक म्हणतो, त्यात पांगळ्याने डोंगर ओलांडण्याचा उल्लेख आहे ना, तोच. मी फार भक्तिभावाने म्हटला. तो शांतपणे म्हणाला, "डोंगर राहू दे रे. मला आधी बाथरूमचा उंबरा ओलांडू दे. आणि तो शब्द माझ्यासमोर परत म्हणू नकोस." त्याच्या एका नातेवाइकांनी तर मागच्या जन्मीचा हिशोबच काढला होता. त्यांच्यापेक्षा आपण बरे, असं मला तोवर वाटत होतं.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. पॅरलल बारमध्ये किती पावलं, किती मिनिटं उभा, आठवड्याचा ग्राफ. दोन आठवडे ग्राफ चढला, तिसऱ्या आठवड्यात युरिन इन्फेक्शन झालं आणि सपाट. "हे डिलीट कर," तो म्हणाला. केलं.

खरी गोष्ट आता सांगतो, कारण ती सांगायला मला लाज वाटते. व्हीलचेअरमधून गाडीत बसायला तो स्लाइडिंग बोर्ड वापरतो. हातांवर जोर देऊन, थोडं थोडं सरकत. चांगल्या दिवशी पाच मिनिटं लागतात, वाईट दिवशी पंधरा. त्या दिवशी वाईट होता आणि माझी साडेनऊची मीटिंग होती. त्याने सांगितलं होतं की मी म्हटल्याशिवाय हात लावू नकोस. मी काखेत हात घातला आणि उचलून आत बसवला. दोघांनाही कळलं नाही की त्याची टाच फूटरेस्टच्या कडेवर घासली गेली. त्याला कळणारच नव्हतं. संध्याकाळी त्याच्या आईने मोजा काढला तेव्हा तो रक्ताने चिकटला होता.

आपल्याला एवढंसं खरचटलं तर चार दिवसांत विसरतो. पण जिथे स्पर्श कळत नाही तिथे शरीर "पाय हलव" असं सांगतच नाही. हाडाच्या जागी दाब तसाच राहतो, रक्त पोचत नाही, आणि बघता बघता जखम खोल जाते. म्हणूनच तो खुर्चीत बसला असताना दर अर्ध्या तासाने हातांवर अंग उचलून धरतो. म्हणूनच झोपेतही कूस बदलायला लागते. टाच भरेपर्यंत कॅलिपरचा बूट घालायचा नाही, म्हणजे उभं राहणंही बंद. पाच आठवडे. माझी दहा मिनिटं वाचली होती. (मीटिंगसुद्धा उशिराच सुरू झाली.)

त्या पाच आठवड्यांत कधीतरी हा प्रसंग पुन्हा वाचनात आला, आणि मी कृष्णाच्या हातांवरच अडकलो. घोडा सांगत नाही बाण कुठे रुतलाय. हात फिरवून शोधावा लागतो. आणि सूर्य कलत असताना तो हे करतोय. घाई करायचं कारण त्याच्याइतकं कुणाकडे असणार? शिवाय शस्त्र न धरण्याचं त्याचं वचन आहे, त्यामुळे अर्जुनाची लढाई तो लढत नाही. अर्जुन पायउतार होऊन लढतो, हा मोतद्दाराचं काम करतो. दोघांची कामं वेगळी आहेत, आणि दोघंही एकमेकांचं काम हिसकावून घेत नाहीत. मी नेमकं तेच हिसकावलं होतं.

हे सगळं मी त्याला उत्साहाने सांगितलं. तो देवाधर्मातला नाही. ऐकून म्हणाला, "म्हणजे मी घोडा?"

"नाही, तू अर्जुन. घोडे म्हणजे तुझे पाय." कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलंय आणि इंद्रियांना घोडे, तेही सांगून टाकलं.

"आणि तू कृष्ण? वा! स्वतःकडे बरा रोल ठेवलास."

"मी मोतद्दार."

"चालेल. मग मोतद्दार, आरसा दे."

हँडल असलेला छोटा आरसा त्याच्या उशीजवळ असतो. त्यात रोज टाच, घोटा, खुबा, माकडहाड तपासायचं, कुठे लाली आहे का बघायचं. पाठीकडचं मी बघतो, टाच तो स्वतः बघतो. आता तिथे फक्त एक गुलाबी डाग उरलाय.

गेल्या सोमवारी बूट परत चढला. दोन्ही पायांना कॅलिपर, दोन्ही हात बारवर, थेरपिस्ट पुढे, मी मागे व्हीलचेअर धरून. माझं काम एवढंच, तो बसेल तेव्हा खुर्ची तिथे असली पाहिजे. सहा पावलं झाली. जखमेच्या आधी चौदा होती. सातव्याला हात थरथरायला लागले, आणि माझे हात आपोआप पुढे गेले.

"अजून नाही," तो मागे न बघताच म्हणाला.

मी हात परत खुर्चीवर ठेवले. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

राम कृष्ण हरी.