करारातील एक अट

शस्त्राचे कामच जर संहाराचे, तर ते घडविताना सृष्टीची चिंता वाहणे हा दंभ नव्हे काय?

अमेरिकन सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सर्किटे, डाख दिल्यानंतर, सीएफसी-११३ या द्रावकाने धुतली जात. लष्करी मानकांनीच तसे ठरवून दिले होते. हे रसायन ओझोनचा थर विरळ करते. १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला. पुढे १९९२ च्या अमेरिकन कायद्याने ठरविले की, १ जून १९९३ नंतरच्या संरक्षण-करारांत अशा द्रव्यांची सक्ती वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून असू नये. ज्या लेखणीने सक्ती लिहिली, तिलाच ती खोडावी लागली.

खरेदीदाराची अट ही त्याचीच कृती होय. 'कारखानदाराने केले' असे म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

अर्थात, निर्मळ रीतीने घडविलेले क्षेपणास्त्र त्यामुळे निर्दोष ठरत नाही. ते कोणावर डागावे, डागावे की नाही, हा प्रश्न उरतोच. परंतु मोठा प्रश्न अनुत्तरित आहे म्हणून हाताशी असलेले कर्तव्य टाळणे, हाच खरा दंभ. कारण विरळ झालेले ते छत्र युद्धाशी काडीचाही संबंध नसलेल्या लेकरांच्या माथ्यावरचेही असते.