खरखरणारा पंखा आणि पाचवं अणुव्रत

बेळगावजवळच्या उचगावसारख्या गावात भजनाच्या ॲम्प्लिफायरमधला किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधला पंखा खरखरू लागला की सल्ला ठरलेला असतो : डबा टाका, नवा आणा. वस्तूच ती, तिच्यात जीव कशाला गुंतवायचा, असं म्हणून त्या टाकण्याला अनासक्तीचा मुलामाही दिला जातो. अपरिग्रहाच्या, म्हणजे संग्रह न करण्याच्या, जैन कसोटीला मात्र पंखा बदलणं जास्त उतरतं, असं मला वाटतं. ही कसोटी इथे परकी नाही. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ साली बांधलेलं कमल बस्ती हे जैन मंदिर उभं आहे आणि दिगंबर जैन मुनी आचार्य शांतिसागर हे निपाणीजवळच्या भोजचे.

आधी बिघाड काय असतो ते पाहू. ४० मिलिमीटरच्या स्वस्त पंख्यात बहुधा बॉल बेअरिंग नसतं. तेल मुरवलेल्या बुशमध्ये दांडा फिरतो. उष्णतेने तेल आटतं, उरलेल्यात धूळ चिकटते, बुश झिजतं आणि ढिला पडलेला दांडा थरथरत फिरू लागतो. स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला तर पंखा काही दिवस गप्प बसतो, पण झिजलेलं बुश भरून येत नाही. बोर्ड, हीट सिंक, वायरिंग सहसा शाबूत असतं. माप, व्होल्ट, वायरी आणि वाऱ्याची दिशा जुळवून दुसरा पंखा बसवला की काम झालं. उलट, डबा फेकला तर त्याच्या जागी येणाऱ्या डब्यासाठी तांबं, कथील, थोडं सोनंही पुन्हा जमिनीतून उपसावं लागतं. जैन विचार मातीतही जीव मानतो, पृथ्वीकाय. त्या हिशेबाने खाणकाम ही हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, म्हणून तर त्याच्यासाठी अणुव्रतं आहेत आणि पाचवं अणुव्रत परिग्रहाला मर्यादा घालायला सांगतं. ही मर्यादा आपण घरात आज किती वस्तू आहेत यावरून मोजतो, इथेच गफलत होते. कपाटावर एकच डबा असेल, पण त्याच्याआधीचे तीन उकिरड्यावर गेले असतील, तर हिशेब चारचा धरायला हवा.

यावर जैन शास्त्रातूनच आक्षेप येतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे मूर्च्छा, ममत्व. वस्तू जवळ असणं हा मुख्य मुद्दाच नाही. मग शे-दोनशे रुपयांच्या पंख्यासाठी डबा खोलून बसणं हीच मूर्च्छा नाही का? काही घरांपुरता आक्षेप खरा आहे : माळ्यावरचे मुके टेपरेकॉर्डर ‘कधीतरी करून घेऊ’ म्हणत वर्षानुवर्षं जपणं हे ममत्वच. पण दुरुस्त झालेला ॲम्प्लिफायर दुसऱ्या भजनी मंडळाला देऊन टाकता येतो, खरखरणारा कोणी घेत नाही. जी वस्तू सोडता येईल अशा स्थितीत ठेवली आहे तिच्यावर मालकी गाजवली, असं म्हणणं अवघड आहे. १९२४ साली बेळगावातच काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलेल्या गांधीजींनी अपरिग्रहाला विश्वस्तपणाची जोड दिली, ती याच अंगाने. विश्वस्त दुसऱ्याची चीज चालती ठेवतो. आणि खरं सांगायचं तर, फेकण्याच्या घाईत विरक्ती क्वचितच असते. बहुतेकदा नव्या डब्याची ओढ असते.

दुसरा आक्षेप विजेचा. नवं यंत्र कमी वीज खातं, हे काही वेळा खरं असतं. चोवीस तास चालणाऱ्या डीव्हीआरचा हिशेब आठवड्यातून एकदा लागणाऱ्या ॲम्प्लिफायरसारखा नसतो. तिथे बचत खरोखर मोठी निघाली तर जुना डबा सोडायला हरकत नाही. चिकटवून बंद केलेल्या डब्यांचं काय, हा प्रश्न यापेक्षा बिकट आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण मुळात न उघडणाऱ्या डब्यापुढे कारागीरही हात टेकतो. तिथे व्रत पाळायची वेळ पंखा वाजण्याच्या खूप आधीची, दुकानात पैसे देण्यापूर्वीची असते : डबा उलटा करून खाली स्क्रू आहेत का, एवढं पाहायचं.