कर्तेपणाचा हिशेब

मनुष्य ज्या कर्माला 'माझे' म्हणून आपल्या नावावर लावून घेतो त्या कर्मात त्याचा वाटा नेमका किती, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतनाला नवा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगून, हे असे असतानाही जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दर्शन झालेले नाही, असा स्पष्ट निर्णय दिलेला आहे. हा निर्णय बुद्धीला पटतो, परंतु अनुभवाला येत नाही. कारण साहाय्यक कारणे स्वभावतःच अदृश्य असतात. आज घरोघरी मेजावर येऊन बसलेला संगणक ही अदृश्य कारणे काही अंशी दृश्य करतो, आणि म्हणूनच तो तत्त्वजिज्ञासूच्याही अभ्यासाचा विषय आहे, असे मला वाटते.

विंडोज प्रणालीच्या संगणकावर एकही प्रोग्राम उघडलेला नसताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो आणि आपण न बोलावता हजर असलेल्या कितीतरी प्रक्रियांची नावे ओळीने समोर येतात. आपण कीबोर्डवर एक अक्षर दाबतो आणि 'मी लिहिले' म्हणतो. पण कळ दाबली गेल्याची वर्दी घेणारा ड्रायव्हर निराळा, ती योग्य त्या खिडकीपर्यंत पोचविणारी यंत्रणा निराळी, आणि सर्व खिडक्यांची चित्रे एकत्र रचून पडद्यावर मांडणारी 'डेस्कटॉप विंडो मॅनेजर' ही प्रक्रिया आणखी निराळी. त्याच वेळी अँटिव्हायरस फाइलींची तपासणी करीत असतो, घरात प्रिंटर नसला तरी छपाईचा स्पूलर हुकमाची वाट पाहत असतो, आणि 'सर्व्हिस होस्ट' या एकाच नावाने वावरणाऱ्या अनेक प्रक्रिया नेटवर्कपासून घड्याळापर्यंतच्या नाना सेवांचा बंदोबस्त सांभाळीत असतात.

या यादीतील 'सिस्टिम आयडल प्रोसेस' हे नाव पाहून पुष्कळजण दचकतात. कारण संगणक स्वस्थ असताना तिच्यापुढे नव्वदीच्या घरातली टक्केवारी दिसते आणि सारा प्रोसेसर तीच खाऊन टाकते आहे असा ग्रह होतो. वस्तुतः तो आकडा प्रोसेसरच्या रिकाम्या वेळेचा असतो. दुसरे कोणतेही काम नसेल तो वेळ तिच्या नावावर जमा होतो, आणि काम येताच ती बाजूला सरते. माण्डूक्योपनिषदाने जागृती आणि स्वप्न यांच्या जोडीला सुषुप्तीलाही आत्म्याचा एक पाद म्हणून गणले, त्यामागील मर्म असेच आहे: विश्रांती ही हिशेबाबाहेरची गोष्ट नव्हे.

सर्व काही पडद्यामागेच घडत असेल तर मजवर जबाबदारी कसली, असा आक्षेप यावर कोणी घेईल. पण तो टिकणारा नाही. गीतेने पाच कारणांतून कर्त्याचे नाव वगळलेले नाही, आणि लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त सारे बुद्धिबळ वेचून प्रतिपादन केले ते हेच, की ज्ञानाने सुटावयाची ती फलासक्ती, कर्म नव्हे.

म्हणून अदृश्य साहाय्यकांविषयी विवेक ठेवणे हेच कर्त्याचे खरे काम ठरते. अनोळखी नाव दिसले की ते बंद करावयाचे, हा उतावळेपणा महागात पडतो. वापरकर्त्याची ओळख पटविणारी 'एलसास' ही प्रक्रिया कोलमडली की विंडोज संगणक पुन्हा सुरू करावयास भाग पाडते. २००४ साली 'सॅसर' नावाच्या वर्मने तिच्यातील दोषाचा फायदा घेतला, तेव्हा ठिकठिकाणचे संगणक असेच आपोआप बंद होऊ लागले. उलटपक्षी, ओळखीचे नाव दिसले की निर्धास्त राहावयाचे, हेही अज्ञानच. कारण अस्सल 'सर्व्हिस होस्ट'ची फाइल विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या फोल्डरात असते, आणि तेच नाव धारण करून भलत्याच फोल्डरातून चालणारी प्रक्रिया तोतया असण्याचा दाट संभव असतो. तिसरा प्रकार सर्वांत सामान्य: कधीकाळी एखादा प्रोग्राम बसविताना आपण न वाचता संमती दिलेली असते, आणि तेव्हापासून तो संगणकाबरोबर रोज सुरू होऊन स्मृतीचा भाग अडवून बसतो. योगशास्त्र ज्यांना संस्कार म्हणते तेही एकदा दिलेल्या आणि पुढे विसरलेल्या संमतीच्या बळावरच चित्तावर अंमल चालवितात, आणि त्यांचीही तपासणी तितक्याच शांतपणे व्हावयास हवी.

तेव्हा संगणकाच्या असो वा अंतःकरणाच्या कारभारात, ओळख पटल्यावाचून कोणाला बरखास्त करू नये, चौकशीवाचून कोणाला थारा देऊ नये, आणि सिद्धीस गेलेल्या कार्याचे सारे श्रेय एकट्याच्या खात्यावर मांडू नये.