ओझ्याखालचा आवाज

थंडीत गाडी सकाळी जरा जास्तच वाजते. रात्रभरात रबर आखडलेलं असतं. गल्लीतून हमरस्त्याला लागेपर्यंत पुढच्या चाकांपाशी कुठंतरी 'खट' होतं. मग पुन्हा 'खट'. थोडं अंतर कापलं, गाडीच्या अंगात ऊब आली, की आवाज मऊ पडतो. आपणही विसरून जातो.

रोज बसणाऱ्याला तो ऐकू येत नाही. पाहुण्याला पहिल्याच खड्ड्यात ऐकू येतो. पाहुणा विचारतो, "हे काय वाजतंय?" घरचे म्हणतात, "कुठं काय?" दोघंही खरंच बोलत असतात.

राहुरीहून कोल्हारकडे जाताना हा आवाज कसा जन्माला येतो ते समजतं. लोणीला 1950च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग नगर जिल्ह्यात आणखी कारखाने आले, आणि इथला हिवाळा उसाच्या वाहतुकीचा झाला. समोरून ट्रॅक्टरची डबल ट्रॉली डुलत येते. ती बाजूला होत नाही. व्हायचं म्हटलं तरी होता येत नाही. मग आपलं डावं चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतं, दगडगोट्यांतून धडपडतं आणि डांबराची तुटकी कड चढून पुन्हा वर येतं. हाकणारा बसतो उजवीकडे. सोसणारी बाजू डावी.

नगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. लष्कराच्या वाहनांवर तिथं काम चालतं आणि वाहनं पारखायला खास चाचणीमार्ग बांधलेले आहेत. गुळगुळीत रस्त्यावर कुठल्याच गाडीचं खरं रूप कळत नाही, म्हणून. बाकीच्या नगरकरांना ही सोय आपापल्या तालुक्यात आहे.

आवाज शोधणं मात्र अवघड. लोखंड आवाज साठवत नाही, पुढं पाठवतं. चाकापाशी वाजलेलं पायाखाली ऐकू येतं, पायाखालचं स्टेअरिंगमध्ये. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगपासून स्टेअरिंगच्या रॅकपर्यंत संशयित पुष्कळ. त्यामुळे काही ठिकाणी सोपा मार्ग सांगतात: सगळंच बदलून टाका. आवाज जातो. कशानं जातो ते कोणालाच कळत नाही.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजात मी शोधण्याची दुसरी रीत पाहिली. पोरगा तरुण होता, हाताचं काळं निघायचं नाही इतकं मुरलेलं. त्यानं आधी बॉनेट उघडलं नाही. विचारलं, "काका, ब्रेकरवरून सरळ गेल्यावर वाजतं का, तिरकं गेल्यावर?"

असा विचार मी केलाच नव्हता. आठवून सांगितलं, तिरकं गेल्यावर. एकच चाक खड्ड्यात गेल्यावर. दोन्ही चाकं एकदम चढली तर नाही.

त्यानं मान हलवली. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक वाकवलेला दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी ती दोन चाकं त्याला बांधलेली असतात. दोघं बरोबरीनं उचलली तर दांडा नुसता फिरतो. एकच उचललं तर त्याला पीळ बसतो, आणि तो पीळ त्याच्या टोकाच्या छोट्या लिंक रॉडवर येतो. लिंक रॉडची गोळी वाटीत सैल झालेली असेल तर ती तेव्हा बोलते. फक्त तेव्हाच.

मी म्हटलं, "मग जॅकवर घे ना गाडी. हलवून बघ."

"जॅकवर काही सापडणार नाही, काका. दोन्ही चाकं लोंबकळली की दांड्याला पीळच राहत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून लवकर गेलं नाही. उचलून धरलेली गाडी निर्दोष वाटते. चाकं मोकळी, सांधे निवांत, सगळं जागच्या जागी. बघणारा म्हणतो, काही नाही हिला. आणि ते खोटंही नसतं; त्या क्षणी तिला खरंच काही नसतं. दोष आहे तो खाली उतरल्यावर, चार माणसं बसल्यावर, वाट वाकडी झाल्यावर. ज्या अवस्थेत दुखतं त्या अवस्थेत तपासायला तपासणाऱ्यालाही खाली यावं लागतं. उभ्यानं होणारं ते काम नाही.

तो खालीच होता. डाव्या चाकाखाली त्यानं लाकडाचा ठोकळा सरकवला, म्हणजे एकच बाजू उचलली गेली. मग गाडीखाली आडवा झाला आणि आत हात घातला. मला म्हणाला, "बाहेरून धरून हलवा. जोरात नको." मी हलवत राहिलो. त्याचे डोळे गाडीकडे नव्हतेच, पलीकडच्या टपरीकडे होते. तर्जनी लिंक रॉडच्या सांध्यावर टेकलेली. कान फसवतो, बोट फसवत नाही, असं त्याचं गणित असावं. आवाज हवेतून चहूकडे पसरतो. धक्का मात्र त्या सांध्यातच बसतो.

"या. हात लावून बघा."

मी बोट टेकवलं. सांध्याचं रबर फाटलेलं होतं, आतल्या ग्रीसमध्ये माती कालवली गेली होती. गाडी हलली की बोटाखाली बारीकसा ठोका लागायचा. केसाएवढा खेळ असेल. एवढ्याशा जागेतून एवढा मोठा आवाज.

लिंक रॉड सुटा मिळतो. नवा बसवायला फार वेळ लागला नाही. पैसे किती म्हणून मी पाकीट काढलं, तर तो म्हणाला, थांबा. आता त्यानं गाडी जॅकवर घेतली. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटशी टॉमी अडकवून तो दाबून बघू लागला.

"तिथून आवाज होता का?"

"नाही. लिंक रॉड वाजतो खूप, पण तसाच घेऊन माणूस महिनोन् महिने फिरतो. बॉल जॉइंट जास्त वाजत नाही, काका. तो निसटला तर चाकच आडवं पडतं."

"मग आता जॅकवर कसा कळेल?"

"हा असाच कळतो. खालून जोर दिला की."

म्हणजे काही सैलपणा ओझ्याखाली कळतो, काही ओझं उतरल्यावर. कुठला कधी, हे ज्याचं त्याला माहीत असायला हवं.

बॉल जॉइंट घट्ट होता, रबरही शाबूत होतं. मग त्यानं चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवलं, टाय रॉडसाठी. तेही ठीक. उजव्या लिंक रॉडला अजून खेळ नाही, पण पावसाळ्यानंतर एकदा दाखवून जा म्हणाला, आणि कांद्याच्या गोण्यांनी लादलेली एक पिकअप बाहेर येऊन उभी होती, तिच्याकडे वळला. तिच्या ड्रायव्हरला पहिला प्रश्न तोच विचारला: सरळ गेल्यावर वाजते, का तिरकी?