पुरावा कोणी द्यायचा?

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, तेव्हा एखादी जमात गुन्हेगार आहे हे कोणालाही कोर्टात सिद्ध करावे लागत नव्हते. सरकारने अधिसूचना काढली की झाले. त्या अधिसूचनेच्या वैधतेची तपासणी न्यायालयांनी करायची नाही, हेही कायद्यातच लिहून ठेवले होते. १९११ च्या कायद्याने हे जाळे देशभर पसरले. हजेरी लावायची, बोटांचे ठसे द्यायचे, हद्द ओलांडायला परवाना काढायचा, आणि सोलापूरसारख्या शहरात सेटलमेंटच्या कुंपणाआड राहून गिरणीत राबायचे, असे आयुष्य कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा अनेक जमातींच्या वाट्याला आले. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. त्यानंतर मात्र पुराव्याची दिशा उलटली. शिक्का मारताना जमात घाऊक होती. सवलत मागताना प्रत्येकाने एकेकट्याने सिद्ध करायचे की आपण त्याच जमातीचे.

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याचा कायदा हा भार स्पष्ट शब्दांत अर्जदारावर टाकतो. गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांच्यासाठी तारीख आहे २१ नोव्हेंबर १९६१: आपले वा आपल्या वाडवडिलांचे त्या दिवशी किंवा त्याआधी राज्यात वास्तव्य होते हे दाखवायचे. आता हे दाखवायचे कशाने? शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, सातबारा, घरपट्टीची पावती. ही यादी ज्याने केली त्याच्या डोळ्यांपुढे गावात घर आणि शिवारात तुकडा असलेला माणूस होता. या गावाहून त्या गावाला पाल हलवणाऱ्या कुटुंबातले आजोबा शाळेत गेले नाहीत, आणि वाटेत जन्मलेल्या पोराची नोंद करायला कोणत्या गावच्या कोतवालाकडे जायचे हेही ठरलेले नव्हते. यातला विरोधाभास जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ज्यांना सरकारने एका जागी कोंडले त्यांची नोंद सरकारनेच केली होती, ठशांसकट. पण ती पोलिसी नोंद होती. तीच माणसे शिष्यवृत्ती मागायला आली की त्यांच्या पूर्वजांचा कागद आणायची जबाबदारी त्यांची. वंचित ठेवायला बंदीची पाटी लागत नाही. सर्वांना सारखा लागू होणारा नियम पुरतो, आणि तो लावणारा कारकून मनाने सज्जनही असू शकतो.

यावर पहिला आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही: कागद न मागता दाखले वाटले तर बोगस लाभार्थी घुसतील. राजपूत भामटा या नावाखाली इतरांनी दाखले मिळवल्याचा आरोप आणि त्यावरचे वाद महाराष्ट्राने पाहिले आहेत. पण खोटा दाखला कोणाला जमतो? ज्याच्याकडे जुन्या नोंदी आहेत, त्यातला एखादा शब्द फिरवून घेण्याची ओळखपाळख आहे आणि वकिलाचे पैसे आहेत, त्यालाच. कागदाची अट कडक केली की लबाडाचा खर्च थोडा वाढतो, पालावरच्या माणसाची मात्र वाटच बंद होते. याला पर्याय नाही असेही नाही. पडताळणी समित्यांकडे चौकशीसाठी दक्षता पथके असतात. अनुसूचित जमातींच्या दाव्यांत बोली, देवदेवता, सोयरीक यांची विचारपूस करण्याची पद्धत जुनी आहे. ती चाचणी निर्णायक मानू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले, आणि ते योग्यच. मग १९६१ चा कागद तरी निर्णायक का मानायचा? कागद नसेल तिथे अधिकाऱ्याने वस्तीवर जाऊन चौकशी करावी आणि दावा खोटा असल्यास ते सरकारने दाखवून द्यावे. यात वेळ आणि पैसा जाईल. जाऊ द्यावा.

दुसरा आक्षेप सभ्य शब्दांत येतो: एका जागी स्थिर व्हा, सगळे कागद आपोआप मिळतील. स्थिर व्हायला जागा लागते आणि शेजारी लागतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. अफवा मोबाइलवरून पसरली, पण अनोळखी भटका म्हणजे संशयित हे गृहीतक मोबाइलच्या फार आधीचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला कारागृह नियमावल्यांतल्या जातिभेदाबरोबर विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांशी जोडणाऱ्या तरतुदींचीही दखल घ्यावी लागली. गुन्हेगार जमाती कायदा जाऊन तेव्हा ७२ वर्षे झाली होती.

शिवाय दाखला हाती आला तरी तो कशाचा, हे हद्दीवर ठरते. कैकाडी माणूस विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत आहे, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात, इथे विमुक्त जात. ज्यांचे जगणेच जिल्हे आणि राज्ये ओलांडत गेले, त्यांची जात मात्र सरकारने सीमेच्या खांबांना बांधून ठेवली आहे. आणि त्या खांबांच्या अलीकडे आपण नेमके कधीपासून आहोत, हेही त्यांनीच सिद्ध करायचे आहे.